रॉकी रिव्हरचे नव्वद हजार

दर वर्षी वसंतात ओहायो राज्याचं वन्यजीव खातं रॉकी रिव्हर नावाच्या नदीत स्टीलहेड ट्राउटची सुमारे ९०,००० पिल्लं सोडतं. पिल्लं साधारण वर्षाची, ६ ते ९ इंच लांबीची. ही नदी क्लीव्हलंड शहराच्या पश्चिम अंगाने वाहत एरी तलावाला मिळते. शाग्रिन आणि ग्रँड या नद्यांनाही जवळपास तेवढाच वाटा मिळतो. व्हर्मिलियन, अ‍ॅश्टाब्युला आणि कॉनिऑट क्रीक यांना थोडा कमी. राज्याची बेरीज साडेचार लाखांच्या आसपास जाते. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात हाच आकडा दहा लाखांच्या घरात आहे. न्यूयॉर्क आणि मिशिगन आपापली भर घालतात आणि सगळं मिळून एरी तलावात वर्षाला अठरा लाखांच्या आगेमागे पिल्लं उतरतात.

एरीच्या या दक्षिण किनाऱ्याला गरवणारे ‘स्टीलहेड अ‍ॅली’ म्हणतात. ऑक्टोबर ते एप्रिल इथल्या नद्यांत कंबरभर पाण्यात उभी राहिलेली माणसं दिसतात. गळाला लागलेला रुपेरी मासा पाण्याबाहेर उसळतो, तेव्हा हे सगळं रानातलं, आपसूक घडलेलं वाटतं. तसं ते नाही. या नदीतला जवळजवळ प्रत्येक स्टीलहेड कुणीतरी वाढवून, मोजून सोडलेला असतो. मी या नदीच्या जवळ राहतो, हिवाळ्यात तिच्यात उतरतो, आणि तिच्यावर जीव आहे म्हणूनच तिचा हिशेब नीट मांडावासा वाटतो. मासे कमी लागले की काठावर एकच मागणी ऐकू येते: आणखी पिल्लं सोडा. माझं म्हणणं असं, की नव्वद हजार हा या हिशेबातला सर्वांत सोपा आकडा आहे. अवघड आकडे पाण्याचे आहेत, तापमानाचे आहेत, जमिनीचे आहेत, आणि हाती आलेल्या माशाचं आपण काय करतो याचेही आहेत.

मासा कुठून येतो

रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड ही एकच जात. शास्त्रीय नाव ऑन्कोरिंकस मायकिस. जो मासा जन्मभर ओढ्यात राहतो तो रेनबो ट्राउट. जो तरुणपणी समुद्र गाठतो, तिथे वाढतो आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात परततो तो स्टीलहेड. एकाच मादीच्या पोटच्या पिल्लांपैकी काही ओढ्यात राहतात, काही निघून जातात. मूळ घर पॅसिफिकचा किनारा. कॅलिफोर्नियातून आणलेले मासे १८७६ साली मिशिगनच्या ऑ साबल नदीत सोडले गेले आणि पंचमहासरोवरांत ही जात आली. इथे मीठ नाही, भरती-ओहोटी नाही. पण तलाव एवढे विस्तीर्ण, की माशाने त्यांनाच समुद्र मानलं आणि चढण-उतरणीची सवय सोडली नाही.

कोकणात मृगाच्या पहिल्या पुरात वहाळांतून भातखाचरांत चढणारे वलगणीचे मासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही ओढ समजावून सांगावी लागत नाही. तिथली चढण थोड्याच दिवसांत आटोपते. इथली सहा-सात महिने चालते, आणि चढणारा मासा सरासरी २५ इंच लांब, ५ ते ६ पौंड वजनाचा, म्हणजे अडीच किलोच्या आसपास असतो. तलावात तीन उन्हाळे काढलेला मासा ८ पौंडांपर्यंत जातो. ओहायोचा विक्रमी स्टीलहेड २००९ मध्ये पकडला गेला, वजन २१.३ पौंड.

ओहायो आपल्या पिल्लांसाठी अंडी मुख्यतः मिशिगनमधून आणतं. तिथल्या लिटल मॅनिस्टी नदीवर एक बांध आहे. वसंतात चढणारे मासे तिथे अडवतात, माद्यांची अंडी आणि नरांचं रेत काढून फलन करतात. ही त्या नदीत शतकभर स्वतःच्या बळावर रुजलेली वाण आहे. पूर्वी ओहायो ‘लंडन’ नावाची पाळीव वाण सोडत असे. ती शरद ऋतूतच चढे आणि हंगाम लवकर आटपे. १९९० च्या दशकात मॅनिस्टी वाण आली आणि चढण हिवाळ्यातून वसंतापर्यंत लांबली. आज मार्चमध्ये नदीवर जी गर्दी दिसते, ती मुख्यतः या बदलाची देणगी आहे. पिल्लांची संख्या वाढवून हे साधलं नसतं. वाण बदलून साधलं.

फलित अंडी सँडस्की शहराजवळच्या कॅस्टेलिया उबवणी केंद्रात येतात. जागा नेमकी निवडलेली आहे. तिथे चुनखडीतून झरे फुटतात आणि त्यांचं पाणी बाराही महिने १० अंश सेल्सियसच्या आसपास असतं. ट्राउटला हवं तसं. तेरा-एक महिन्यांनी पिल्लं टँकरमधून नद्यांवर येतात. ती काही दिवस-आठवडे नदीत घुटमळतात, त्या पाण्याचा वास त्यांच्यात मुरतो, आणि मग ती तलावात उतरतात. दोन उन्हाळे तलावात काढल्यावर बहुतेक मासे त्याच वासावर परततात.

आता साधं गणित. मध्यम मादी तीन-चार हजार अंडी घालते. रानात एखाद्या नदीतली संख्या कायम राहायला त्या हजारोंतून सरासरी दोनच मासे प्रौढ होऊन परतावे लागतात. उबवणी केंद्र सुरुवातीचा सर्वांत जीवघेणा टप्पा, म्हणजे अंड्यापासून वर्षाच्या पिल्लापर्यंतचा काळ, माशाच्या अंगावरून काढून घेतं. पुढचं सगळं तलावाच्या हातात: वॉलायसारखे शिकारी मासे, पाणकावळे, रक्त शोषणारे लॅम्प्री, उन्हाळ्यातलं पाणी. उदाहरणापुरतं धरू, की शंभरात पाच परततात. म्हणजे ४,५००. रॉकी रिव्हरचे दोन फाटे एकत्र येतात तिथून तलावापर्यंत तिचा मुख्य प्रवाह साधारण १२ मैल, म्हणजे १९ किलोमीटर. किलोमीटरला २३५ मासे, आणि तेही संपूर्ण हंगामात विभागलेले. शंभरात पाचाऐवजी सहा परतले तर ९०० मासे वाढतात. तेवढीच वाढ जास्त पिल्लं सोडून हवी असेल, तर आणखी १८,००० पिल्लं वाढवावी लागतील. तलावातला एक टक्का आणि उबवणीतले अठरा हजार एकाच मोलाचे. म्हणूनच माझं लक्ष टँकरपेक्षा पाण्याकडे जास्त असतं.

नदी स्वतः का वाढवत नाही

इतकी वर्षं मासे चढताहेत, खडीत अंडीही घालताहेत; तरी रॉकी रिव्हर स्वतःच्या बळावर स्टीलहेडची पिढी उभी करू शकत नाही. कारण नदीच्या तळाशी दिसतं. तळ आणि काठ शेल खडकाचे आहेत, करडे-काळे, पापुद्र्यांचे. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाचा हा चिखल. काठावरच्या उंच कड्यांच्या याच थरात डंक्लिऑस्टिअस या चिलखती डोक्याच्या अवाढव्य माशाचे जीवाश्म मिळतात. क्लीव्हलंडच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात त्याची कवटी पाहिली की पायाखालच्या खडकाबद्दलचा आदर वाढतो. पण हा खडक पाणी मुरू देत नाही. पाऊस पडला की पाणी थेट नदीत. उघडला की मागे झिरपणारं भूजल फारसं नाही.

आकड्यात सांगतो. बेरिया गावाजवळ अमेरिकेच्या भूसर्वेक्षण संस्थेचं जलमापन केंद्र आहे. त्याच्या वरच्या पाणलोटाचं क्षेत्र २६७ चौरस मैल, म्हणजे सुमारे ६९० चौरस किलोमीटर. एवढ्या क्षेत्रावर एक इंच पाऊस झाला तर १,७५० कोटी लिटर पाणी पडतं. नदी गरवण्याजोगी असते तेव्हा तिच्यातून सेकंदाला साधारण ३०० घनफूट, म्हणजे साडेआठ हजार लिटर पाणी वाहतं. या गतीने तो एक इंच पाऊस वाहून न्यायला २४ दिवस लागले असते. भोवताली शेतं आणि रानं असती, जमीन मुरमाड असती, तर काही भाग जिरला असता, काही हळूहळू आला असता. पण इथे खाली शेल आणि वर डांबर, छपरं, वाहनतळ. एका रात्रीत नदी हजारो घनफुटांवर जाते, चहाच्या रंगाची होते, आणि दोन-तीन दिवसांत उतरते. खडीतली अंडी अशा लोंढ्यात टिकत नाहीत.

टिकली तरी पुढे उन्हाळा आहे. पिल्लाला समुद्राकडे किंवा तलावाकडे निघण्याआधी एक-दोन वर्षं ओढ्यात काढावी लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये उथळ शेलवरचं पाणी तापतं आणि २५ अंश सेल्सियसच्या आसपास या जातीची सहनशक्ती संपते. मासा सावलीचा, झऱ्याचा आसरा शोधतो. इथे असे झरे मोजकेच. मिशिगनच्या नद्या वाळू-खडीच्या जाड थरांतून भूजल घेतात आणि उन्हाळ्यातही गार राहतात, म्हणून लिटल मॅनिस्टीत मासे रुजले. दोन्ही नद्यांतला मासा एक. फरक खालच्या मातीचा आहे.

घनफुटांचा आकडा

रॉकी रिव्हरवर जाणारा माणूस सकाळी हवामानाआधी बेरियाच्या केंद्राचा प्रवाह पाहतो. तो दिवसरात्र प्रसिद्ध होत असतो. इथल्या अनुभवी लोकांचा ठोकताळा असा: २०० ते ४०० घनफूट असेल तर उत्तम, १०० च्या खाली गेलं तर पाणी काचेसारखं आणि मासे बुजरे, ६०० च्या वर गेलं की गढूळ. ४०० च्या आसपास उतरत्या पाण्यात, डोळ्याला हिरवट झाक दिसायला लागली की मासे सर्वांत मोकळेपणाने आमिष घेतात. चढतं ४०० आणि उतरतं ४०० यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. आकडा एकच, पण पहिल्यात पालापाचोळा आणि चिखल, दुसऱ्यात ताजे चढलेले मासे.

पाणलोट जितका मोठा तितकी नदी निवळायला वेळ घेते. ग्रँड नदीचं खोरं ७०० चौरस मैलांचं. मोठ्या पावसानंतर तिला आठवडाही पुरत नाही. रॉकी आणि शाग्रिन दोन-चार दिवसांत मोकळ्या होतात. छोटे ओढे दुसऱ्याच दिवशी. म्हणून इथले जाणते लोक एकाच नदीला चिकटत नाहीत. पावसानंतर ओढ्यापासून सुरू करतात आणि आठवड्याच्या शेवटी ग्रँडवर पोचतात.

दुसरा आकडा तापमानाचा. पाणी ४ ते १३ अंशांत असताना मासा चपळ असतो. २ च्या खाली तो डोहाच्या तळाशी जवळजवळ स्थिर राहतो, आमिष नाकासमोरून गेलं तरच तोंड उघडतो. अशा वेळी खळाळ सोडून संथ, खोल डोह धरायचे आणि फ्लोट इतका हळू सोडायचा की तो पाण्याच्या पृष्ठभागापेक्षाही मागे राहील, कारण तळाचं पाणी वरच्यापेक्षा सावकाश वाहतं. वसंतात ५ अंशांच्या पुढे पारा गेला की मासे खडीच्या पट्ट्यांवर अंडी घालायला येतात. तिथे गळ टाकू नये असं माझं ठाम मत आहे. नियम आडवा येत नाही, आणि या नदीत त्या अंड्यांतून फारसं काही निपजणार नाही हेही खरं; पण जोडीने खडी उकरणाऱ्या माशासमोर आमिष नाचवण्यात गरवण्याचं कोणतं कसब आहे?

ताशी किती

एरीच्या उपनद्यांवर गरवणाऱ्यांच्या ज्या पाहण्या गेल्या दोन दशकांत झाल्या, त्यांत पकडीचा दर ताशी ०.३ ते ०.६ मासे असा दिसतो. म्हणजे दोन-तीन तासांना एक. नवख्याला हा आकडा निराश करतो. पॅसिफिक किनाऱ्यावर याच माशाला ‘हजार फेकींचा मासा’ म्हणतात, हे सांगितल्यावर त्याची कळा बदलते. मिनिटाला एक फेक धरली तरी हजार फेकींना पावणेसतरा तास लागतात.

पण खरी तुलना दराची नाही, अस्तित्वाची आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या नद्यांत पूर्वी वर्षाला ३२,००० ते ४६,००० प्रौढ स्टीलहेड चढत असा अंदाज आहे. १९९४ ते २०१८ या पंचवीस वर्षांत तिथे नोंद झालेले प्रौढ मासे १७७. वर्षाला सरासरी सात. धरणांनी वाट अडवली, शेतांनी आणि शहरांनी पाणी उपसलं, दुष्काळांनी उरलेलं सुकवलं. तिथे हा मासा १९९७ पासून केंद्रीय कायद्याने संकटग्रस्त आहे आणि २०२४ मध्ये राज्यानेही तसं जाहीर केलं. ज्या किनाऱ्याने ही जात जगाला दिली त्याच्या दक्षिण टोकाला वर्षाला सात मासे, आणि जिथे ती कधीच नव्हती त्या तलावात वर्षाला अठरा लाख पिल्लं. हा विरोधाभास मला नदीत उभं असतानाही सुटत नाही. उबवणी केंद्रं मासे बनवू शकतात, नद्या बनवू शकत नाहीत. आणि एरीतला मुबलकपणा पाहून पॅसिफिकच्या नद्यांची काळजी सोडून देणं ही मोठी फसगत ठरेल.

एरीनेही स्वतःचे मासे गमावले आहेतच. इथला मूळचा लेक ट्राउट १९६० च्या दशकापर्यंत नाहीसा झाला. निळा पाइक, जो एके काळी कोट्यवधी पौंडांनी जाळ्यात येई, तो १९८३ मध्ये नामशेष जाहीर झाला. स्टीलहेड या रिकाम्या झालेल्या घरात आणून वसवलेला पाहुणा आहे.

दोन मासे, एक जेवण

ओहायोत १ सप्टेंबर ते १५ मे या काळात दिवसाला दोन स्टीलहेड ठेवता येतात, १२ इंचांहून मोठे. १६ मेपासून ही मर्यादा पाचावर जाते, पण तोवर मासे तलावात परतलेले असतात. प्रत्यक्षात बहुतेक लोक बहुतेक मासे सोडून देतात. इथे प्रश्न येतो: सोडलेला मासा जगतो का? ब्रिटिश कोलंबियात १९८० च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांत पकडून सोडलेल्या स्टीलहेडमधले साधारण ५ टक्के किंवा त्याहून कमी मेले. आमिषाने थोडे जास्त, कृत्रिम माशीने किंवा चमच्याच्या आकाराच्या धातूच्या आमिषाने थोडे कमी. ऐकायला हा आकडा छोटा आहे. पण एकच मासा हंगामात चारदा पकडला गेला तर त्याची जगण्याची शक्यता ०.९५ चा चौथा घात, म्हणजे ८१ टक्के. आणि हे गार पाण्यात, सवयीच्या हातांनी सोडलेल्या माशांचे आकडे. फोटोसाठी मिनिटभर हवेत धरलेला, बर्फावर आपटलेला मासा यात धरलेला नाही. उलटा काटा नसलेला गळ, रबरी जाळीची झोळी, मासा पाण्यातच ठेवून चिमट्याने गळ काढणं, एवढ्याने पाचाचे दोन-तीन करता येतात. वर काढलेलं टक्क्याचं गणित आठवा: उबवणीतली हजारो पिल्लं या चिमट्यात आहेत.

आता आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय. क्लीव्हलंडच्या मराठी घरांत मासे आवडीने खाल्ले जातात, आणि अडीच किलोचा गुलाबी मांसाचा मासा हाती आला तर तवा तापणारच. त्यात गैर काही नाही. पण राज्याचा आरोग्यविषयक सल्ला लक्षात ठेवावा: एरी तलावातला स्टीलहेड महिन्याला एक जेवण, त्याहून जास्त नको. कारण पीसीबी ही जुनी औद्योगिक रसायनं. अमेरिकेत त्यांच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली, पण ती तलावाच्या गाळात आहेत आणि चरबीत साठतात. एक जेवण म्हणजे ८ औंस कच्चं मांस. पाच पौंडांच्या माशातून दोन पौंड तुकड्या निघतात, म्हणजे चार जेवणं. एकट्या माणसाला एक मासा चार महिने पुरतो. चौघांच्या घराला महिन्याला एक. दिवसाला दोनची मर्यादा कायद्याने दिलेली आहे, पण ताटाच्या हिशेबाने ती कधीच गाठू नये. कातडी आणि पोटाकडची, पाठीवरची चरबी काढून भाजलं तर रसायन कमी होतं. कातडी कुरकुरीत आवडणाऱ्यांना हे जड जाईल.

काठ कुणाचा

या हिशेबातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा आकडा माशाचा नाही. तो १९१७ हे साल आहे. त्या वर्षी क्लीव्हलंड मेट्रोपार्क्स ही सार्वजनिक उद्यानसंस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षांत तिने रॉकी रिव्हरच्या दरीपासून जमिनी घ्यायला सुरुवात केली. विल्यम स्टिंचकोम या अभियंत्याने त्याआधीच शहराभोवती उद्यानांची माळ गुंफण्याची कल्पना मांडली होती. आज मुख्य प्रवाहाचे जवळजवळ सगळे काठ सार्वजनिक आहेत. रॉकक्लिफ, मॉर्ली, पुरिटास या उतारांवर गाडी लावा आणि पाण्यात उतरा. प्रवेशशुल्क नाही, कुणाची परवानगी नाही.

हे किती दुर्मीळ आहे ते पूर्वेला गेलं की कळतं. ओहायो आणि पेन्सिल्व्हेनियात अशा ओढ्यांचा तळ सहसा काठाच्या मालकाच्या मालकीचा धरला जातो. मासा सरकारचा, पाणी सर्वांचं, पण पाय ठेवायची जमीन खाजगी. पेन्सिल्व्हेनियात दहा लाख पिल्लं सोडली जातात, पण एल्क क्रीकच्या काठांवर ‘प्रवेश बंद’च्या पाट्या वाढत गेल्या तशी लोकांची गर्दी उरलेल्या तुकड्यांवर दाटली. त्या राज्याने २००५ पासून एरीसाठी वेगळा परवाना लावला, आणि त्याच्या पैशातून काठावरून जाण्याचे हक्क कायमचे विकत घ्यायला सुरुवात केली. मला हा खर्च पिल्लांवरच्या खर्चापेक्षा शहाणा वाटतो. तिथे २००३-०४ मध्ये झालेल्या अभ्यासानुसार एरी काउंटीत गरवणाऱ्यांनी सहलींवर सुमारे ९५ लाख डॉलर खर्च केले आणि त्यावर २१९ नोकऱ्या उभ्या होत्या. काठ बंद झाला तर ही सगळी उलाढाल पाटीपाशी थांबते.

ओहायोत १६ वर्षांवरील रहिवाशाचा वार्षिक परवाना २५ डॉलरचा आहे. शिवाय १९५० च्या केंद्रीय कायद्याने गळ, रीळ, काठी अशा सामानावर कारखान्यातच १० टक्के कर लागतो. तो राज्यांकडे मत्स्यकामासाठी परत येतो आणि मंजूर कामांचा ७५ टक्क्यांपर्यंतचा खर्च त्यातून भागतो. म्हणजे नव्वद हजार पिल्लांचा मोठा खर्च गरवणारे स्वतःच उचलतात. चोरून, विनापरवाना गरवणारा माणूस सरकारला बुडवत नाही, डोहात शेजारी उभ्या असलेल्याला बुडवतो.

तलावातला एक टक्का

परतणाऱ्या माशांचं प्रमाण तलाव ठरवतो, आणि तलावाचा इतिहास आपल्याला आशा आणि धास्ती दोन्ही देतो. १९६८ मध्ये एरीत वर्षाला सुमारे २९,००० टन फॉस्फरस जात होता. दुसऱ्या वर्षी २२ जूनला शेजारची कायाहोगा नदी तेलकट कचऱ्यामुळे पेटली. १९७२ च्या अमेरिका-कॅनडा करारानंतर साबणचुऱ्यातला फॉस्फेट घटवला गेला, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं उभी राहिली, आणि भार ११,००० टनांच्या लक्ष्यापर्यंत खाली आणला गेला. शहरांनी ठरवलं आणि तलाव सावरला, हे माझ्या मते विसाव्या शतकातल्या चांगल्या बातम्यांपैकी एक आहे.

मग शेतांतून येणारा विरघळलेला फॉस्फरस वाढला. ऑगस्ट २०१४ मध्ये शेवाळाच्या विषामुळे टोलीडो परिसरातल्या चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. ओहायो, मिशिगन आणि ऑन्टारिओने २०२५ पर्यंत फॉस्फरसमध्ये ४० टक्के घट करायचं ठरवलं होतं. पश्चिमेकडचं शेवाळ अजूनही उन्हाळ्यागणिक येतं. स्टीलहेडला याचा थेट फटका तलावाच्या मधल्या खोऱ्यात बसतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं आणि मासा खालच्या गार थरात उतरतो. पण शेवाळ कुजून त्या थरातला प्राणवायू संपत गेला की वर उष्णता आणि खाली गुदमर, यांच्यामधली पट्टी अरुंद होते. क्लीव्हलंडच्या बाजूने एक मोठं काम चालू आहे: २०११ पासून २५ वर्षांचा, ३ अब्ज डॉलरचा बोगद्यांचा प्रकल्प. पावसाळी ओघात तलावात जाणारं मैलामिश्रित पाणी वर्षाला साडेचार अब्ज गॅलनवरून अर्ध्या अब्जाच्या खाली आणायचं आहे. साडेचार अब्ज गॅलन म्हणजे सुमारे १,७०० कोटी लिटर. रॉकी रिव्हरच्या खोऱ्यावर पडणाऱ्या एक इंच पावसाएवढंच पाणी.

आणि या साखळीचं पहिलं टोक अजून मिशिगनच्या त्या एका बांधाला बांधलेलं आहे. २०२० च्या वसंतात कोविडमुळे मिशिगनने लिटल मॅनिस्टीवरची अंडी काढण्याची मोहीम रद्द केली. अशी एक मोहीम हुकली की पुढच्या वसंतात त्या वाणीची पिल्लं नसतात, आणि त्याची उणीव नदीत जाणवते ती आणखी दोन उन्हाळे उलटल्यावर, जेव्हा काठावरच्या कुणाला त्या हुकलेल्या मोहिमेची आठवणही नसते. साथ असो, माशांचा रोग असो किंवा एखाद्या वर्षी बांधाशी पाणी फार वाढलेलं असो, परिणाम तोच. म्हणून ओहायोने पिल्लांची संख्या साडेचार लाखांवरून पाच लाखांवर नेण्याआधी अंड्यांचा दुसरा भरवशाचा स्रोत उभा करावा. कॉनिऑट क्रीक किंवा ग्रँडमध्ये परतलेल्या माशांपासून दर वर्षी थोडी तरी अंडी घेऊन कॅस्टेलियात वाढवता येतील. सुरुवातीला पंचवीस-तीस हजार पिल्लं त्यातून निघाली तरी पुरे, मग ती रॉकी रिव्हरच्या नव्वद हजारांतून वजा करावी लागली तरी.